ओलं फडकं

बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी गॅरेजचं दार वर केलं, की स्वयंपाकघरातून ठरलेला प्रश्न येतो, "आज चालत येणार की ट्रकवर?" प्रश्नात खवचटपणा आहे, पण अन्याय नाही. गेल्या चार उन्हाळ्यांत माझी गाडी दोनदा ट्रकच्या पाठीवर बसून घरी आलेली आहे.

गाडी म्हणजे १९६५ची प्लिमथ व्हॅलियंट, क्रायसलर कंपनीची. चार दारं, रंग उकडलेल्या वाटाण्याचा. अमेरिकेत जुन्या गाडीचा शौक आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबलचक शेपट्यांची, क्रोमने लखलखणारी, गुलाबी किंवा लाल अशी काहीतरी उभी राहते. माझी तशी नाही. ही त्या काळी शाळेतल्या बाईंनी, पोस्टातल्या कारकुनाने किंवा निवृत्त आजोबांनी घ्यायची गाडी होती. म्हणूनच मला परवडली.

डेट्रॉईटच्या उपनगरांत मे ते सप्टेंबर जवळजवळ रोज कुठे ना कुठे 'क्रूझ नाईट' असते. नाव फसवं आहे. नावावरून वाटतं, लोक रात्रभर गाड्या फिरवत असतील. प्रत्यक्षात कोणीच कुठे जात नाही. एखाद्या आइस्क्रीमवाल्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लागतात, बोनेट उघडली जातात, डिकीतून घडीच्या खुर्च्या निघतात आणि मंडळी अंधार पडेपर्यंत बसून राहतात. म्हणजे आपला कट्टाच. फरक एवढाच, की इथे कट्ट्यावर येताना प्रत्येकाने दीड टनाचं काहीतरी सोबत आणायचं असतं.

(इथे बोनेटला हूड म्हणतात आणि डिकीला ट्रंक. मी अजून बोनेट आणि डिकीच म्हणतो. एकदा 'स्टेपनी' म्हणालो तर चार जण माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून निघाला आणि आपल्याकडे येऊन पक्का रुजला, हे मी त्यांना इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू तो रस्ता ठाण्यातच आहे.)

या कट्ट्याचेही काही नमुने आहेत. काही जण गाडीच्या खिडकीला जुन्या ड्राइव्ह-इनसारखा ट्रे अडकवतात आणि त्यावर प्लॅस्टिकचा बर्गर, प्लॅस्टिकचं मिल्कशेक मांडतात. काही जण पुढच्या बंपरला तोंड लपवून रडणाऱ्या पोराची बाहुली टेकवून ठेवतात. ती बाहुली मला अजिबात आवडत नाही. संधिप्रकाशात तर दचकायला होतं. पण तिच्याबद्दल तक्रार करणारा मी एकटाच आहे, म्हणून गप्प बसतो.

माझ्या एका बाजूला बहुतेक वेळा एक १९५७ची शेव्हरोले बेल एअर असते आणि दुसऱ्या बाजूला कुठलीतरी मस्टँग. मस्टँग १९६४च्या एप्रिलमध्ये आली आणि अख्खा देश तिच्या मागे लागला. गंमत अशी, की तिच्या दोनच आठवडे आधी प्लिमथने व्हॅलियंटच्याच पोटची एक देखणी गाडी काढली होती, बॅराकुडा. तिची मागची काच प्रचंड मोठी होती. पण नाव मस्टँगचं झालं. आमच्या घराण्याला ही सवयच आहे.

तर मस्टँगपुढे गर्दी असते. तिथे येणारा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, "हॉर्सपॉवर किती?" आकडा कळला की मान हलवतो, फोटो काढतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. हॉर्सपॉवर विचारणारा माणूस पाच मिनिटांच्या वर टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. माझ्या गाडीपुढे गर्दी नसते. पण एखादी बाई चालता चालता थबकते, दोन पावलं मागे येते आणि म्हणते, "अगंबाई, ही तर माझ्या आजीची गाडी!" अगंबाई अर्थातच माझ्याकडचं. पण सूर तोच. मग ती पंधरा मिनिटं हलत नाही. आजी चर्चला कशी जायची, मागच्या सीटवर तीन भावंडं कशी भांडायची, उन्हाळ्यात सीटच्या रेक्झिनला मांड्या कशा चिकटायच्या. एकीने तर परवानगी मागून मागचं दार उघडलं, आत बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे नुसती बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पुढे आईचं डोकं दिसायचं. आंबाडा असायचा."

ज्या गाड्या लाखांनी रस्त्यावर होत्या आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, त्या कोणी जपल्या नाहीत. मस्टँग जपल्या गेल्या. त्यामुळे आजीची गाडी नेमकी आज दिसत नाही. दिसली, की माणसाला बसायला होतं.

माझं स्वतःचंही तसंच झालं होतं. ही गाडी मी घेतली ती इंजिन पाहून नव्हे. विकणाऱ्याच्या अंगणात आत वाकून पाहिलं तर गिअरचा दांडा स्टीअरिंगला होता. आणि पुढच्या दारात ती तिकोनी छोटी काच, जी फिरवून वारा थेट तोंडावर घेता येतो. मला ठाणं दिसायला लागलं.

बाबांनी १९८७ साली सेकंडहँड पद्मिनी घेतली होती, १९७६चं मॉडेल. बँकेतल्या कॅशियरच्या मानाने मोठीच उडी. त्या काळी नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून सेकंडहँडलाही भाव होता. गिअर स्टीअरिंगला, चोक ओढायचा, आणि तिकोनी काच हाच एसी. खाडीच्या हवेने मागचा पत्रा असा खाल्ला होता, की पायाखालचं रबरी मॅट सरकवलं की रस्ता पळताना दिसायचा. आम्ही भावंडं तिथून शेंगांची टरफलं टाकायचो. हे बाबांना पुढे कधीतरी कळलं, आणि पुढचे दोन महिने गाडीत शेंगा बंद झाल्या.

इथले लोक स्टीअरिंगवरच्या तीन गिअरना 'झाडावरचे तीन' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. ते चालवता येणारे आता थोडे उरलेत. मी पहिल्या दिवशी व्हॅलियंट सहज चालवून दाखवली, तेव्हा बेल एअरवाले आजोबा चकित झाले. "तू कुठे शिकलास?" म्हणाले. मी म्हटलं, "फियाटवर." त्यांना पटेना. भारतात फियाट, आणि तिलाही स्टीअरिंगवर गिअर?

मग मी त्यांना कुर्ल्याची गोष्ट सांगितली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती इथल्याच क्रायसलरच्या साहाय्याने. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी जुळल्या त्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. फियाट ११०० नंतर आली, आणि सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली. क्रायसलरचं मुख्य कार्यालय तेव्हा हायलंड पार्कला होतं, म्हणजे आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो तिथून अर्ध्या तासावर. आजोबांनी आयुष्य क्रायसलरमध्ये काढलेलं. ते म्हणाले, "म्हणजे आपण नातेवाईकच की." प्लिमथ हे नाव २००१ साली बंद झालं, पद्मिनीही त्याच सुमाराला संपली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी तेवढ्या टिकल्या, त्याही २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. माझी छोटी मावशी कुर्ल्याला राहायची. त्या कारखान्याच्या भिंतीवरून आम्ही शंभर वेळा गेलो असू. आत काय होतं याची तेव्हा फिकीर नव्हती.

ऑगस्टमध्ये मात्र गाड्या खरंच फिरतात. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी मिळते. ती स्वस्त पडते, पण त्या गाडीने एरवी फक्त मेळावे, मिरवणुका असल्याच कामांसाठी बाहेर पडायचं. ऑगस्ट महिनाभर मात्र मुभा, वाटेल तिथे हिंडा. सरकारी नियमात असा एक श्रावण आहे, हे मला फार आवडतं. आणि त्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ होते. १९९५ साली फर्नडेलमध्ये पोरांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला ती सुरू झाली. आता फर्नडेल ते पाँटिॲक अशा साधारण सोळा मैलांत जुन्या गाड्यांची नुसती दाटी होते. विसर्जनाची मिरवणूक ज्याने पाहिली आहे, त्याला वेगाची कल्पना देण्याची गरज नाही.

रस्ताही साधासुधा नाही. याच वुडवर्डवर १९०९ साली मैलभर काँक्रीट टाकलं आणि मोटारींसाठी असा रस्ता करण्याचा पायंडा पडला. याच रस्त्यावर हायलंड पार्कला फोर्डने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. पन्नास-साठच्या दशकांत कंपन्यांचे इंजिनिअर दिवसा गाड्या बनवायचे आणि रात्री त्याच इथे पळवायचे, असं जुने लोक हसत हसत सांगतात.

अशा थोर रस्त्यावर, दुपारी अडीच वाजता, अठ्ठावीस-तीस अंशांच्या उन्हात आणि पायी चालणाऱ्याच्या वेगात, माझी व्हॅलियंट दोन आचके देऊन बंद पडली.

चावी फिरवली. इंजिन फिरतंय, पण घेत नाही. मागे हॉर्न. दोन तरुणांनी धक्का मारून मला कडेला गवतावर लावलं. बोनेट उघडलं तर वाफारा. कारण कळलं होतं. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. गाडी रांगत राहिली की वारा लागत नाही, इंजिन तापतं, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाखाली येतं, म्हणून हे दुखणं आता कोणाला माहीतच नाही.

मागून बेल एअरवाले आजोबा आले. गाडी लावून, बोनेटात डोकं घालून म्हणाले, "चिमटे आणलेस?" मला वाटलं, पक्कड मागतायत. त्यांनी आपल्या डिकीतून डबा काढला. त्यात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. पाच-सहा चिमटे त्यांनी पेट्रोलच्या नळीला ओळीने लावले. लाकूड उष्णता शोषून घेतं म्हणे. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं.

मी डिकी उघडली आणि थर्मासशेजारचं फडकं काढलं. बाटलीतल्या पाण्यात भिजवलं, पिळलं आणि पंपावर गुंडाळलं. माझ्या वडिलांनी शिकवलेलं. मे महिन्यात कसारा घाटात पद्मिनी अशीच थांबायची. बाबा खाली उतरायचे, आईच्या पिशवीतून पंचा काढायचे, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतायचे आणि पंपावर ठेवून बिडी ओढायला लांब दगडावर जाऊन बसायचे. आम्ही विचारलं, "किती वेळ?" की उत्तर, "बिडी संपेपर्यंत."

आजोबांनी फडक्याकडे पाहिलं. मी चिमट्यांकडे पाहिलं. दोघांनाही दुसऱ्याची पद्धत अडाणी वाटली असणार, पण बोललं कोणी नाही. शास्त्र म्हणाल तर ओल्या फडक्याचं माठासारखं आहे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. चिमट्यांचं काय होतं, ते मला अजून समजलेलं नाही. आम्ही खुर्च्या टाकल्या. मी चहा ओतला, त्यांनी पहिल्यांदाच आल्याचा चहा प्यायला आणि घसा साफ करत म्हणाले, "हा इंजिनात घाल, लगेच सुरू होईल."

पंचवीस मिनिटांनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. श्रेय फडक्याचं की चिमट्यांचं, हा वाद आजतागायत दर बुधवारी निघतो. तेव्हापासून माझ्या डिकीत चिमटे असतात आणि त्यांच्या डिकीत फडकं. वापरताना मात्र दोघंही आपापलंच काढतो.

त्या दिवशी ट्रक लागला नाही. ज्या दोन वेळा लागला, त्यांतली एक माझ्या अज्ञानामुळे. चाक पंक्चर झालं, पाना लावला, नट हलेना. पान्यावर उभा राहिलो, उडी मारली, आणि कड् असा आवाज होऊन नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला. मग कळलं, की त्या काळच्या प्लिमथला डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. फिरत्या चाकाने नट सैल होऊ नयेत म्हणून. म्हणजे मी इतका वेळ जीव खाऊन नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं होतं. घरी सांगताना एवढा भाग मी गाळला.

ऑक्टोबर संपला की सगळं आवरतं घ्यायचं. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, आणि डेट्रॉईटच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. मीठ म्हणजे पत्र्याचा काळ. ठाण्याच्या खाडीने जे दहा वर्षांत केलं ते इथला एक हिवाळा करतो. म्हणून बॅटरी काढायची, गाडीवर चादर घालायची आणि एप्रिलपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही.

गेल्या महिन्यातल्या बुधवारी अंधार पडत आला होता. लोक खुर्च्या घडी करत होते. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, ते उठलेलेच असतात. फोन गाडीभोवती फिरवला. तिकोनी काच दाखवली, गिअरचा दांडा दाखवला. बाबा 'हं, हं' करत होते. माझी ही छोटी गाडीसुद्धा इंजिनाने त्यांच्या पद्मिनीच्या तिपटीहून मोठी आहे, हे मी ऐटीत सांगितलं, त्यावरही 'हं'. मग म्हणाले, "चालू कर की."

मी चावी फिरवली. फोन बोनेटाजवळ धरला. बाबांनी डोळे मिटले आणि कान स्क्रीनला लावला. मला फक्त त्यांचा कान आणि कानावरचे पांढरे केस दिसत होते. अर्धा मिनिट गेलं असेल.

"टॅपेट वाजतायत," ते म्हणाले. "सेट करून घे. आणि आता बंद कर, पेट्रोल जातंय."