मागच्या हाताच्या गाठी

तो ट्रॅक्टर संध्याकाळी माझ्या गॅरेजच्या आवारात शिरला तेव्हा आधी रंग दिसला, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. कामातल्या ट्रॅक्टरला इतका ताजा रंग कुणी हौसेनं देत नाही. जवळ जाऊन वाकलो तर पुढच्या एक्सलचे ग्रीसचे निप्पलसुद्धा, म्हणजे ग्रीस भरायची छोटी तोंडं, रंगवलेले. म्हणजे रंग दिल्यापासून तिथं ग्रीसगन लागलेली नाही, एवढं तरी नक्की.

मालक पंचविशीतला पोरगा. आयुष्यातला पहिला ट्रॅक्टर, तोही वापरलेला, घेऊन दोनच दिवस झालेले. इंजिन ऑइलचा डबा आणि नवा फिल्टर घेऊनच आला होता.

"काका, ऑइल-फिल्टर तेवढं बदलून द्या. बाकी मशीन ओके आहे. उद्या दुपारनंतर नांगरट धरायचीय."

"ओके आहे असं कोण म्हणालं?"

"ज्यानं विकला तोच."

मी हसलो नाही. त्याला म्हटलं, आज रात्री इथंच राहू दे, सकाळी सात वाजता ये, सोबत बघू. तो हिरमुसला, पण ट्रॅक्टर भिंतीजवळ लावून गेला.

रात्रभर उभा ठेवण्याला कारण आहे. ऑइल बदलायचं तर इंजिन कोमट असलेलं बरं, तेल पातळ होऊन घाणीसकट बाहेर येतं. पण नव्यानं आलेल्या जुन्या मशिनची ओळख करून घ्यायची असेल तर ते थंड हवं, आणि बराच वेळ न हललेलं हवं. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभरात ते खाली बसतं आणि सकाळी नट सैल केला की तेलाच्या आधी बाहेर येतं. नवं तेल ओतायची घाई केली की ही सगळी साक्ष वाहून जाते.

सकाळी पहिल्यांदा गिअरबॉक्सचा खालचा नट अर्धवट सैल केला. पोरगा शेजारी उकिडवा बसला होता. चहाच्या रंगाचं पाणी धारेनं आलं, पेलाभर तरी असेल, आणि त्यामागून दुधाळ, पिवळसर तेल.

"हे काय?"

"पाणी. ट्रॅक्टर उघड्यावर उभा असणार. तो वर गिअर लिव्हरचा रबरी बूट बघ, फाटलाय. त्यातून पावसाचं पाणी आत."

याच तेलावर हायड्रोलिकही चालतं, त्यामुळे नांगर उचलायची सगळी मदार त्याच्यावर. त्यानं कपाळाला हात लावला. मला मात्र ही गोष्ट फारशी गंभीर वाटली नव्हती. बूट बदला, तेल काढा, आतली जाळी धुवा, नवं तेल भरा, थोडं चालवून परत एकदा तपासा. अशी दुखणी वर्षाला दहा येतात.

गंभीर ते पुढं निघालं. इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी ओढली तर तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

"बघा, तेल भरपूर आहे," पोरगा खूश होऊन म्हणाला.

कमी तेल दिसलं की माणूस घाबरतो, जास्त दिसलं की त्याला बरं वाटतं. खरं तर वाढलेलं तेल जास्त वाईट. इंजिन तेल खातं, तयार करत नाही. पातळी आपोआप वाढली असेल तर आत दुसरं काहीतरी येतंय: एक तर रेडिएटरचं पाणी, नाहीतर डिझेल. पाणी असतं तर तेल पांढुरकं दिसलं असतं. हे काळंच होतं, पण बोटांत चोळलं तर चिकटपणा नाही, आणि वास सरळ डिझेलचा. त्याची खात्री पटावी म्हणून वहीचा एक कागद फाडला, त्यावर पट्टीवरून एक थेंब सोडला आणि बाजूला ठेवला. थोड्या वेळानं मधे काळा ठिपका आणि त्याच्या भोवती लांबवर पसरलेलं फिकट, तेलकट कडं. ते कडं डिझेलचं.

या इंजिनला डायफ्रामवाला, म्हणजे आत लवचिक पडदा असलेला, फीड पंप होता. टाकीतलं डिझेल पुढं ढकलणारा, इंजिनच्या अंगालाच बसवलेला. डायफ्राम फाटला की डिझेल फिल्टरकडे जायच्या ऐवजी थोडं थोडं खाली इंजिनच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. पंप सोडवून हातात घेतला, डिझेल जोडून त्याचा हातानं चालवायचा खटका चार-पाचदा दाबला, तर खालून टपटप. पोरगा बघतच राहिला. असंच अजून पन्नास तास नांगरटीला चाललं असतं तर पातळ तेलावर बेअरिंग टिकली नसती. त्याहून वाईट म्हणजे तेल खूप वाढलं की इंजिन तेच ओढून जाळायला लागतं, आणि मग स्टॉपर ओढला तरी ते थांबत नाही. हवेची वाट बंद करावी लागते.

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

माहीत असेल किंवा नसेलही. जुना ट्रॅक्टर घेतला की मागच्या माणसाच्या सवयी फुकट मिळतात, एवढंच मी सांगू शकतो. या माणसाच्या सवयी दिवसभर सापडत राहिल्या. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकलेला, कधीतरी इंजिन तापलं असेल तेव्हा. तापण्याचं खरं कारण रेडिएटरच्या पुढच्या जाळीत भुसा होऊन बसलं होतं, ते तसंच. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कायम थंड राहतं, डिझेल पुरतं जळत नाही आणि तेच सिलिंडरच्या कडेनं खाली तेलात उतरतं. एअर क्लीनरच्या, म्हणजे हवा तेलातून गाळणाऱ्या डब्याच्या, वाटीत तेल होतं, पण बोट बुडवलं तर निम्मी वाटी चिखल. वाटी धुतली, खुणेपर्यंतच तेल भरलं. खुणेच्या वर भरलं म्हणजे हवा जास्त स्वच्छ होते असं काहींना वाटतं. होतं इतकंच की ते तेल इंजिन ओढतं. निप्पलवरचा रंग खरवडला, दोन निप्पल पार बुजलेले निघाले, ते बदलले. बाकीच्यांतून जुनं, काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारली. इंजिन किती तास चाललं तो डॅशबोर्डवरचा आकडा हललाही नाही. त्याची केबलच तुटलेली.

साडेतीनच्या सुमाराला नवा डायफ्राम, नवा फिल्टर, नवं तेल. डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून खटका मारला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. आता माझी एक पद्धत आहे. तेल रिकामं करून भरलेलं इंजिन मी लगेच सुरू करत नाही. स्टॉपर ओढून ठेवायचा, म्हणजे डिझेल जात नाही, आणि नुसता सेल्फ मारून तेल वरपर्यंत चढू द्यायचं. पोराला सीटवर बसवलं आणि म्हटलं, स्टॉपर ओढलाय, मी सांगतो तेव्हा किल्ली फिरव. मी स्वतः पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभा राहिलो, फिल्टरच्या सीलमधून तेल गळतंय का ते बघायला.

"मार."

ट्रॅक्टर पुढे आला.

हातभर आला असेल. मागच्या टायरच्या नक्षीनं माझ्या बुटाची टाच धरली आणि मी फूटबोर्डवर आडवा पडलो. पोरानं किल्ली सोडली म्हणून तिथंच थांबला. स्टॉपर ओढलेला नसता तर इंजिन सुरू झालं असतं, आणि मग किल्ली सोडून काही उपयोग नव्हता.

ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. हँडब्रेक धरत नाही म्हणून पोरानं रात्री गिअरमध्ये टाकून उभा केला होता. त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चाकाला पाचरही लावलेली नव्हती. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय की चाकांच्या मधे उभं राहून कधी सेल्फ मारायचा नाही.

पण या ट्रॅक्टरला क्लच पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल दाबल्याशिवाय सेल्फला करंटच जाऊ नये, एवढंच त्याचं काम. मग करंट गेला कसा? डॅशबोर्डचं कव्हर सोडलं. स्विचच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना पीळ दिलेला, वर काळी टेप. टेपवर नव्या रंगाचे शिंतोडे होते, म्हणजे काम रंगाच्या आधीचं. टेप घाईत गुंडाळलेली, टोक सुटून लोंबत होतं. मी टेपचं टोक नेहमी दुमडून ठेवतो, पुढच्याला सोडवायला सोपं जातं.

पोराचे हात थरथरत होते. त्याला पाणी दिलं. माझेही थरथरत होते, पण मी ते पान्यात लपवले.

नवा स्विच बसवला. क्लच न दाबता किल्ली फिरवली: काही नाही. दाबून फिरवली: सेल्फ फिरला. हे पोराला स्वतः चारदा करायला लावलं. हँडब्रेक ओढून धरेल इतका आवळला, दोन्ही ब्रेक पेडलचा खेळ सारखा केला. चाकांचे नट आवळले, आणि पाच-सात तास चालल्यावर परत एकदा आवळ असं बजावलं. तेलाची पट्टी रोज सकाळी, सुरू करायच्या आधी बघायची. कमी झालं तर भरायचं, वाढलं तर नांगर तिथंच सोडून मला फोन. त्यानं वहीत आजची तारीख लिहिली आणि पुढं तासांच्या जागी शून्य.

तो गेला तेव्हा अंधार पडत होता. नांगरट अर्थातच बुडाली.

आवारात अजून तीन ट्रॅक्टर दुरुस्तीला उभे होते. टॉर्च घेऊन एकेकाच्या डॅशबोर्डखाली वाकलो. पहिल्याचा स्विच शाबूत होता. दुसऱ्याच्याही वायरी स्विचलाच जोडलेल्या होत्या. तिसरा माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा. स्विच मिळत नव्हता आणि पेरणीची घाई होती, तेव्हा कधीतरी त्याचं काम इथूनच झालेलं.

टेपचं टोक दुमडलेलं होतं.