छप्पर उचलल्यावर

"मग या घरातली माणसं कुठे गेली?" आजीने चष्मा सावरत विचारलं.

छोट्या सैनिकांच्या लढाईच्या खेळासाठी केलेलं नवं घर मी तिला कौतुकाने दाखवत होतो: छप्पर अलगद उचलायचं, आत सामुराई उभे करायचे, छप्पर परत ठेवायचं. २८ मिमीच्या सैनिकांच्या मापाचं जपानी शेतकऱ्याचं घर! पुठ्ठ्याच्या भिंती, शोजीला (कागदी सरकत्या दारांना) बटर पेपर आणि खराट्याचे हीर. जुन्या टॉवेलच्या तुकड्याला पातळ फेविकॉल पाजलं, टूथब्रशने खाली विंचरलं, वाळल्यावर रंग दिला, की शाकारलेलं छप्पर तयार. (तयार सेटच्या किमती बघा आणि मग मला चिकट म्हणा.)

आजीचं लक्ष त्यात नव्हतंच. "चूल पण नाही केलीस."

खरंच नाही केली. माझ्याकडे धनुर्धारी आहेत, भालेवाले आशिगारू (साधे पायदळ सैनिक) आहेत, घोडेस्वार आहेत. शेतकरी एकही नाही. सोळाव्या शतकातल्या जपानच्या लढायांत आशिगारू म्हणून भाला धरणारे कितीतरी जण मुळात शेतकरीच. १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने गावोगावच्या शेतकऱ्यांची शस्त्रं काढून घ्यायचं फर्मान काढलं, म्हणजे तोवर ती घराघरांत होतीच. आमच्या खेळात मात्र गाव म्हणजे फक्त आडोसा.

चूल मातीची करेन. पण या मापाची, टोपलीवाली, पोर पाठीशी बांधलेली साधी माणसं स्वस्तात कशी करायची? कोणी केलीत का?