एका शून्यापायी अडकलेली मस्टँग

माझी जुनी फोर्ड मस्टँग आता रस्त्यावर आहे, नंबरप्लेटसकट. डोकं शांत झालं की सगळं नीट लिहायचं असं ठरवलं होतं. चार महिने झाले, शांत काही झालेलं नाही. म्हणून आहे तसंच लिहितो.

गाडी १९६७ ची, दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छताची), २८९ क्युबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. (जाणकार लगेच म्हणतील की ही मसल कार नव्हे, पोनी कार, म्हणजे तिच्याहून लहान. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन, १९६४ ची पाँटिऍक जीटीओ आणि तिची भावंडं. मान्य. माझ्या मुलाला मात्र ती मसल कारच वाटते, आणि घरात त्याचंच चालतं.) गाडी बघणं, भाव करणं, शेजारच्या राज्यातून ट्रेलरवर घालून इथे कॅलिफोर्नियात आणणं, सगळं सुरळीत झालं. बायकोची समजूत काढणं तर सगळ्यात सोपं गेलं, कारण गाडी आमच्याच गावची निघाली. फोर्डचा सॅन होजे प्लांट प्रत्यक्षात मिलपिटासला होता. १९५५ ला सुरू झाला, १९८३ ला बंद पडला आणि आज तिथे ग्रेट मॉल आहे. दर दिवाळीच्या आधी आम्ही जिथे मुलाला बूट घ्यायला जातो, तिथेच ही गाडी तयार झाली. चेसिस नंबरात ते लिहिलेलं असतं. माझा ७आर०१सी ने सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, आर म्हणजे सॅन होजे, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन-बॅरल कार्ब्युरेटरचं २८९. पुढचे सहा आकडे गाडीचा अनुक्रमांक.

हा नंबर लक्षात ठेवा. पुढे त्यानेच रडवलंय.

माझा पहिला बेत मोठा होता. या इंजिनाची कागदावरची ताकद २०० हॉर्सपॉवर, तीही जुन्या ‘ग्रॉस’ मापाने, म्हणजे इंजिन एकटं स्टँडवर चालवून मोजलेली. गाडीत बसवल्यावर प्रत्यक्षात किती उरते ते मापायची पद्धत अमेरिकन कंपन्यांनी १९७२ पासून धरली. शेजाऱ्याच्या टोयोटा कॅमरी व्ही-६ ला ३०१ आहेत, आणि तो त्यातून भाजी आणतो. त्यामुळे मनात होतं की २०११ च्या मस्टँगबरोबर आलेलं पाच लिटरचं कोयोटी इंजिन टाकावं. ४१२ हॉर्सपॉवर. स्मॉगची, म्हणजे धुराच्या चाचणीची, कटकटही नव्हती, कारण १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात ती चाचणी लागत नाही. पण कोयोटीला प्रत्येक बाजूला दोन-दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे), त्यामुळे इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, रुंद. जुन्या मस्टँगच्या इंजिनखणात दोन्ही बाजूंनी शॉक टॉवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनला धरणारे पत्र्याचे उंचवटे, आत आलेले असतात, त्यांच्यामध्ये ते मावत नाही. मग टॉवर कापायचे, दोन्हीकडे सपाट पत्रे वेल्ड करायचे आणि १९७४ च्या मस्टँग टू च्या धर्तीवरचं पुढचं सस्पेन्शन किट बसवायचं. एका गॅरेजवाल्याने मला तारीखसुद्धा दिली होती.

बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काढली. ते म्हणाले, “आरं, कापलेलं काय जोडता येतंय, पण मग ते जोडलेलंच दिसतंय.” मी हसून विषय बदलला.

आता गाड्यांच्या नोंदणीचं कार्यालय, म्हणजे इथलं आरटीओ. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीला इथला नंबर मिळण्याआधी कोणीतरी अधिकृत माणसाने चेसिस नंबर प्रत्यक्ष बघून फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. पाच मिनिटांचं काम, असं सगळे म्हणतात. पहिल्या खेपेला बाई काचेतून डॅशबोर्डकडे बघत राहिल्या. “नंबर नाही.” मी सांगितलं की काचेतून दिसणारा नंबर १९६८ पासून आला, ही ६७ ची आहे, हिचा बॉनेटखाली आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो खोडलाय. मग विचारलं, “हे अकराच आहेत. बाकीचे सहा कुठे आहेत?” सतरा अक्षरांची पद्धत १९८१ पासूनची. हेही मी सांगितलं, जरा जास्तच आवाजात. तिथेच चुकलं. कार्यालयात आवाज वाढवला की आपली फाईल खाली जाते, हे पुण्यात कळत होतं, इथे कसं विसरलो कोण जाणे.

बॉनेट उघडलं. नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, फेंडरच्या कडेला ठोकलेला असतो आणि फेंडरच्या पट्टीला तिथे खाच असते. त्या खाचेत आधीच्या मालकाने काळा अंडरकोट असा थापला होता की तीनच अक्षरं वाचता येत होती. दारावर प्लेट होती, पण ती बाजारात नवी छापून मिळते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. परत जा.

घरी आल्यावर पहिली ऊर्मी सँडपेपर लावायची होती. लावू नका! घासलेला नंबर म्हणजे छेडछाड केलेला नंबर, आणि मग प्रकरण वेगळ्याच खात्याकडे जातं. मी रंग काढायची जेल लावली, प्लास्टिकची पट्टी आणि जुना टूथब्रश घेतला, फेंडरचे वरचे बोल्ट थोडे सैल केले. रात्री अकरा वाजता गॅरेजमध्ये टॉर्च तोंडात धरून एकेक अक्षर बाहेर काढलं. काळ्या चिकट थराखाली लाल प्रायमर, त्याखाली पत्रा आणि त्यात थोडे वाकडे ठोकलेले आकडे. मुलाला उठवून दाखवलं. तो म्हणाला, “एवढंच?”

दुसरी खेप. या वेळी एक शांत गृहस्थ होते. त्यांनी वाकून सगळा नंबर वाचला, लिहिला, संगणकात घातला आणि गप्प झाले. शेजारच्या राज्याच्या मालकीच्या कागदावर ७आर०१सी मधल्या शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला होता. पत्र्यावर शून्य, कागदावर ओ. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच गोल. संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या. माझ्या ताब्यात शून्याची गाडी आहे आणि कागद ओ च्या गाडीचा आहे.

कागद दुरुस्त करायचा तर जिथून निघाला तिथूनच. आणि अर्ज कोणी करायचा? विकणाऱ्याने. विकणारा सत्तरीचा, फोन न उचलणारा, ट्रेलर घेऊन मासे पकडायला जाणारा. त्याला पत्र पाठवलं, आत परतीचं पाकीट आणि तिकीट घालून. मग फोटो हवेत, मग फोटोंवर सही हवी, मग सही निळ्या शाईत हवी. सात आठवडे. सात आठवडे गाडी गॅरेजमध्ये, मी खिडकीत, आणि मधे एक गोल. एका रविवारी फोनवर तास घालवल्यावर मला सांगण्यात आलं की अर्ज पोहोचला आहे, पण नंबर जुळत नसल्यामुळे तो शोधता येत नाही. कुठला नंबर टाकून शोधताय, विचारलं. ओ वाला.

(विमा या काळातच काढून ठेवा, ‘ठरलेली किंमत’ प्रकारचा. नाहीतर कंपनी जुन्या गाडीची घसारा काढलेली किंमत देते. बदल केलेत ते पावत्यांसकट लिहून कळवा.)

या सात आठवड्यांत एक गोष्ट मात्र झाली. रोज बॉनेट उघडून त्या नंबराकडे बघत बसायचो, आणि एका संध्याकाळी लक्षात आलं की गॅरेजवाला जो पत्रा बदलणार म्हणतोय, तो हाच. त्याला विचारलं. “काही नाही, नंबराचा तुकडा कापून नव्या पत्र्यावर वेल्ड करतो,” म्हणाला, जणू शर्टाचं बटण. ज्या अक्षरांसाठी मी टूथब्रश घेऊन बसलो होतो ती. मी तारीख रद्द केली. आगाऊ रक्कम बुडाली, ती बुडू दे.

मग जे बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं तेच करायचं ठरवलं. पुढे डिस्क ब्रेक, रेडियल टायर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, तीन बिंदूंचे सीटबेल्ट. तीन गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी पाच गिअरचा टी-५, म्हणजे फ्रीवेवर इंजिन किंचाळत नाही (क्लचसाठी पेडलचा अख्खा खोका बदलावा लागतो, आधी तो शोधा, मग गिअरबॉक्स घ्या). नियमाला एकच अपवाद, चार भोकं पाडली: पुढच्या चाकाला धरणारा वरचा दांडा (कंट्रोल आर्म) एक इंच खाली घेतला, मस्टँगला शर्यतीसाठी तयार करणाऱ्या शेल्बीच्या लोकांनी १९६५ च्या जीटी-३५० ला घेतला होता तसा. वळणावर गाडी आता झुकत नाही, रस्त्याला चावून धरते. एवढ्या पैशांत यापेक्षा जास्त फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. इंजिन तेच २८९. कॅमरी अजून पुढे जाते. जाऊ दे.

शून्यवाला कागद आला तेव्हा पडताळणीला खरंच पाच मिनिटं लागली. तेच शांत गृहस्थ. शिक्का मारताना म्हणाले, “गाडी छान आहे.” मी नुसतं हो म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. ड्रम ब्रेकचा मास्टर सिलिंडर डिस्कला तसाच ठेवू नका. त्यात ड्रमसाठी थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, ती डिस्कचे पॅड सोडत नाही. मी ठेवला होता. पहिली सवारी अर्थातच ग्रेट मॉल. पार्किंगमध्ये उतरलो तर पुढची दोन्ही चाकं जळक्या वासाने भरलेली, हात लावायची सोय नाही. बायको आणि मुलगा बूट बघून, खाऊन, दीड तासाने परत आले तेव्हाही मी चाकाशी उकिडवा बसून रिमवर हात धरून बघत होतो.