संध्याकाळचा चहा आणि शरीरातले घड्याळ

रात्री चहा घेतला की झोप उडते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. घरातली वडीलधारी माणसे ते पूर्वापार सांगत आली आहेत. मात्र झोप उडणे वेगळे आणि शरीराचे घड्याळच मागे पडणे वेगळे, आणि मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या गोष्टीचे.

झोप उडते ती अशी: जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व त्यामुळे डोळ्यांवर पेंग येते. चहा-कॉफीतले कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते. मामला एवढाच असता तर कॅफीन उतरल्यावर तो मिटला असता. परंतु कोलोरॅडो आणि केंब्रिज येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, नेहमीच्या झोपेआधी तीन तास डबल एस्प्रेसोइतके कॅफीन घेतले, तर शरीरात रात्रीची वर्दी देणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाची लय सुमारे चाळीस मिनिटे उशिरावर ढकलली जाते, म्हणजे घड्याळ तेवढे मागे पडते. प्रयोगात माणसे अवघी पाच होती, त्यामुळे चाळीस हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशींचे दैनिक चक्रही कॅफीनने लांबले, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. तिथे मेंदू नव्हता, जागरण नव्हते, आणि तरीही पेशींचा दिवस लांबला.

गंमत अशी की चहाच्या झुडपाने हे द्रव्य आपल्या तरतरीसाठी केलेले नाही. किडींनी कोवळा पाला फस्त करू नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज असावी, असे मानले जाते, आणि कोवळ्या पानांतच ते अधिक असते. आपण मात्र नेमकी तीच दोन पाने आणि कळी खुडतो, त्यांची बारीक दाणेदार पावडर करतो, आणि आले-गवती चहा घालून उकळतो. पावडर जितकी बारीक आणि उकळी जितकी दणदणीत, तितके कॅफीन पाण्यात भराभर उतरते. कडक चहाचे कौतुक करताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मग त्या कपातले अर्धे कॅफीन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, गरोदर स्त्रीला तर बरेच जास्त. म्हणजे सातच्या चहाचा निम्मा अंमल मध्यरात्रीही शिल्लक.

वनस्पतींची सगळीच द्रव्ये घड्याळ मागे ओढतात असे नाही. संत्रावर्गीय फळांच्या सालीत नोबिलेटिन असते. भरपूर चरबीच्या आहारावर ठेवलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा त्यांच्या शरीरातली दैनिक लय अधिक ठळक झाली आणि चयापचय सुधारला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या उंदरांचे घड्याळाचे जनुकच बिघडलेले होते, त्यांच्यात हा लाभ दिसला नाही. हे वाचून कोणी नागपुरी संत्र्याची साल चघळायला घेऊ नये, कारण उंदरांवरचे गुण माणसाच्या पदरात पडतातच असे नाही, आणि साल कडूही लागते. आमच्याकडे ती वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालतात, तोवर ठीक आहे.

मागे पडलेले घड्याळ नेहमीच वाईट, असेही नाही. मुंबईहून लंडनला गेलेल्या माणसाला तिथल्या वेळेशी जुळायला उशिरा झोपायची सवय लावावीच लागते. त्याला तिथे संध्याकाळचा एक कप हाताशी यावा. परतीच्या खेपेला मात्र तोच कप उलटा पडेल, कारण मुंबईत उतरल्यावर शरीराला लवकर झोपायची सवय लावावी लागते आणि घरचे लोक स्वागताला पहिले आधणच ठेवतात.