सिन्याच्या गिरण्या

आमचं सिन्या गाव नकाशावर शोधायचं असेल तर फ्लॉरेन्सपासून आर्नो नदीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे यायचं. बिसेन्झियो नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे आम्ही राहतो. एके काळी इथल्या गव्हाच्या काडापासून विणलेल्या टोप्या जगभर जायच्या. आता सकाळी लोक लोकल पकडून फ्लॉरेन्सला नोकरीला जातात आणि संध्याकाळी परत येतात, मीही त्यातलीच. फिरायला आलेले आपले लोक पिसा, फ्लॉरेन्स, रोम करतात. सिन्याला कुणी उतरत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

म्हणून परवा ऑपेराच्या मंचावर आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा अंगावर काटा आला. नाव एकदा नाही, अनेकदा आलं. ‘ई मुलीनी दी सिन्या’, सिन्याच्या गिरण्या! त्या गिरण्यांसाठी नऊ नातेवाईक एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि माझ्या शेजारी बसलेल्या सिन्योरा माझ्या दंडाला चिमटा काढून सांगत होत्या, ‘आपल्या, आपल्या!’

सिन्योरा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई. जन्म सिन्यातला, लग्नही सिन्यातच. ‘तू इथे घर घेतलंस, आता जान्नी स्कीक्की पाहिल्याशिवाय तुला तोस्कानाची म्हणता यायचं नाही,’ असं म्हणून त्यांनीच दोन तिकिटं काढली. (तोस्काना म्हणजे फ्लॉरेन्सच्या आसपासचा आमचा हा प्रांत.)

‘जान्नी स्कीक्की’ हा पुच्चीनीचा एकअंकी विनोदी ऑपेरा आहे. जेमतेम पाऊण ते एक तासाचा. ज्याने मिमी, तोस्का, बटरफ्लाय अशा एकामागून एक नायिकांना मंचावर मरायला लावून साऱ्या जगाला रडवलं, त्या माणसाने साठीला टेकताना असं खळखळून हसवणारं काही लिहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुच्चीनी इथलाच, लुक्का गावचा. जन्म १८५८चा. हा त्याने पूर्ण केलेला शेवटचा ऑपेरा. त्यानंतरचा ‘तुरांदोत’ १९२४ साली त्याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला.

खरं तर त्याने तीन एकअंकी ऑपेरे एकत्र बांधले होते: एक अंधारा आणि रक्तरंजित, दुसरा मठातल्या जोगिणीचा, आणि शेवटी हा. तिघांचं मिळून नाव ‘इल त्रीत्तिको’. पहिला प्रयोग १४ डिसेंबर १९१८ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये झाला. महायुद्ध थांबून महिनाच झाला होता, समुद्रप्रवास धोक्याचा होता, त्यामुळे पुच्चीनीला स्वतःच्याच प्रयोगाला जाता आलं नाही. पुढच्याच महिन्यात, ११ जानेवारी १९१९ला, रोममध्ये तो इटलीच्या रंगभूमीवर आला. लोकांनी तिघांतला हा शेवटचा उचलून धरला आणि बाकीचे दोन मागे पडत गेले. आपली तीन भावंडं अशी वेगळी केलेली पुच्चीनीला मुळीच आवडलं नव्हतं.

पण गोष्टीचं मूळ पुच्चीनीच्याही सहाशे वर्षं मागे आहे. महाकवी दांतेच्या ‘इन्फेर्नो’ या नरकावरच्या काव्याच्या तिसाव्या सर्गात, नरकाच्या आठव्या वर्तुळात, खोटेपणा करणाऱ्यांच्या खड्ड्यात एक पिसाळलेला आत्मा धावत येतो आणि दुसऱ्या पाप्याच्या मानेला कडाडून चावतो. तो जान्नी स्कीक्की. त्याचा गुन्हा दांते मोजक्या ओळींत उरकतो: कळपातली उत्तम घोडी मिळवण्यासाठी याने बुओझो दोनातीचं सोंग घेतलं आणि त्याच्या नावाने मृत्युपत्र केलं. बस्स, एवढंच. दांतेवरच्या जुन्या टीकांमध्ये ही हकिगत थोडी सविस्तर येते. तिथून ती जोवाक्कीनो फोर्त्सानो या लेखकाने उचलली आणि पुच्चीनीसाठी त्याची संहिता रचली.

आणि आता पडदा उघडतो.

साल १२९९, सप्टेंबरची पहिली तारीख. फ्लॉरेन्समधल्या बुओझो दोनातीच्या वाड्यात पलंगावर मयत आहे, चार मेणबत्त्या जळतायत, गुडघ्यांवर बसून नातेवाईकांचा आक्रोश चाललाय. वाद्यवृंद सुरुवातीला एक चपळ, उड्या मारणारी सुरावट वाजवतो आणि पडदा वर जाताच तीच सुरावट संथ होऊन हुंदक्यासारखी खाली घसरायला लागते. म्हणजे या रडण्याच्या पोटात काय दडलंय ते पुच्चीनी शब्द यायच्या आधीच सांगून टाकतो. मग कानात कुजबुज सुरू होते: ‘म्हणे सगळं मठाच्या साधूंना दिलंय.’ ‘कोण म्हणतं?’ ‘सिन्यात बोलतायत लोक.’ (इथे पहिला चिमटा.) क्षणात रडं थांबतं आणि घरभर उलथापालथ सुरू होते. कपाटं, पेट्या, गाद्यांखाली, सगळीकडे मृत्युपत्राचा शोध.

माझी आजी गेली त्या दुपारी, तिला न्यायच्याही आधी, माजघरात कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं होतं, ‘कपाटाच्या किल्ल्या कुठायत?’ मी नऊ वर्षांची होते. इतकी वर्षं तो प्रश्न माझ्या मनात एखाद्या बोचऱ्या खड्यासारखा होता. त्या दिवशी थिएटरमध्ये मी पोटभर हसले आणि हसता हसता जाणवलं, की विचारणारं माणूस वाईट नव्हतं. घाबरलेलं होतं. पुच्चीनीचे हे दोनातीही तसेच आहेत. लोभी आहेत, पण राक्षस नाहीत. म्हणून तर ते ओळखीचे वाटतात.

मृत्युपत्र सापडतं ते तरुण रिनुच्चोला. तो ते हातात घट्ट धरून आधी मावशीकडून, म्हाताऱ्या झीताकडून, वचन घेतो: सगळं मनासारखं झालं तर मला स्कीक्कीच्या लेकीशी, लाउरेत्ताशी, लग्न करू द्यायचं. मग वाचन. सगळे ओठ हलवत एकत्र वाचतात आणि चेहरे एकेक करून पडतात. खरंच सगळं साधूंना! मघाशी कौतुकाने मेणबत्त्या लावणारा म्हातारा सिमोने उठतो आणि त्या विझवून टाकतो. एक शब्द न बोलता. संपूर्ण ऑपेरात मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

यातून वाट काढेल असा एकच माणूस, स्कीक्की, असं रिनुच्चो सुचवतो. घरचे भडकतात. तो खेड्यातून आलेला उपरा, त्याच्याशी दोनातींनी सोयरीक करायची? तेव्हा रिनुच्चो जे गातो त्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला बसले. ‘फिरेन्झे (म्हणजे फ्लॉरेन्स) हे फुललेल्या झाडासारखं आहे,’ तो म्हणतो. तोस्कानातल्या खेडुतांच्या गाण्याचा ढंग आहे त्याला. झाडाचं खोड आणि फांद्या शहरात, पण मुळं दूरच्या खोऱ्यांत. तिथून ते जीवनरस ओढतं. वाल देल्साहून वास्तुकार आर्नोल्फो येतो आणि सुंदर मनोरा बांधतो. मुजेल्लोच्या रानातून चित्रकार जोत्तो येतो. तिथूनच मेदिची व्यापारी येतात. ज्या इमारतीच्या मनोऱ्यावरून आज फ्लॉरेन्स ओळखलं जातं त्या पालात्सो वेक्कियोचं काम आर्नोल्फोने सुरू केलं ते नेमकं १२९९ साली. म्हणजे रिनुच्चो गातोय तेव्हा बाहेर खरोखर पाया खणला जातोय. शेवटी तो म्हणतो, ‘नव्या लोकांचा विजय असो!’

‘जेन्ते नोवा’, नवे लोक. हे शब्दही दांतेचेच आहेत. इन्फेर्नोच्या सोळाव्या सर्गात तो हळहळतो, की या नव्या लोकांनी आणि झटपट मिळालेल्या पैशाने फ्लॉरेन्स उन्मत्त केलं. दांतेने जे दुःखाने लिहिलं तेच शब्द फोर्त्सानोने एका प्रेमात पडलेल्या पोराच्या तोंडी जयघोष म्हणून घातले. दांतेची बायको जेम्मा ही दोनाती घराण्यातली होती, हेही लक्षात घ्या. सासुरवाडीच्या माणसाला फसवणाऱ्याला त्याने नरकात टाकलं, त्यात घरचा राग किती आणि न्याय किती, हा प्रश्न इथे सातशे वर्षं विचारला जातोय. मी परक्या मुलखातून येऊन या खोऱ्यात घर केलंय. ते गाणं ऐकताना माझे डोळे भरून आले, हे मी लपवणार नाही.

मग स्कीक्की येतो, सोबत लाउरेत्ता. झीता हुंड्यावरून अपमान करते, तो चिडून म्हणतो, ‘या लोकांसाठी? काही नाही, काही नाही!’ आणि तेव्हा लाउरेत्ता ते गाणं गाते जे तुम्ही नक्की कुठेतरी ऐकलंय: ‘ओ मियो बाब्बीनो कारो’. मैफलींत, जाहिरातींत, लग्नांत वाजतं ते. अडीच मिनिटांचंही नाही. मला ते कायम विरहगीत वाटायचं. खरं तर ती लाडकी लेक बापाला पेचात पकडतेय: बाबा, मला पोर्ता रोस्सा गल्लीत जाऊन अंगठी घ्यायचीय, आणि नाही म्हणालात तर पोन्ते वेक्कियो पुलावर जाऊन आर्नोत उडी टाकीन. गंमत म्हणजे ही चाल आपण आधीच ऐकलेली असते. रिनुच्चोच्या गाण्यात आर्नो नदीचं वर्णन येतं तिथे ती पहिल्यांदा डोकावते. ज्या नदीचं त्याने कौतुक केलं, तिच्यातच उडी मारायची धमकी ही त्याच सुरांत देते!

‘बाब्बो’ हा इथला शब्द. इटलीत बहुतेक ठिकाणी मुलं ‘पापा’ म्हणतात, तोस्कानात मात्र ‘बाब्बो’. बाजारात एखादं पोर मागून ‘बाब्बो!’ अशी हाक मारतं तेव्हा अजूनही माझी मान वळते, इतका तो आपल्या ‘बाबा’च्या जवळचा आहे. आणि गाणं संपल्यावर तो बाबा करतो काय? मृत्युपत्र मागतो. वाचतो. ‘काही उपाय नाही.’ पुन्हा वाचतो. ‘काही उपाय नाही.’ मग: ‘पण…’

त्या ‘पण’वर सगळा खेळ उभा आहे. बुओझो मेल्याचं बाहेर कुणालाच माहीत नाही. मयत हलवायचं, स्कीक्कीने त्याची टोपी घालून पलंगावर पडायचं आणि नोटरीला बोलावून नवं मृत्युपत्र सांगायचं. प्रत्येक जण हळूच त्याच्या कानाशी लागून लाच देऊ करतो, कारण तीन मोठ्या गोष्टींवर सगळ्यांचाच डोळा: खेचर, फ्लॉरेन्समधला वाडा आणि सिन्याच्या गिरण्या. तो सगळ्यांना हो म्हणतो. एकच गोष्ट आधी बजावतो. खोट्या मृत्युपत्राला शिक्षा आहे, करणाऱ्यालाही आणि साथ देणाऱ्यालाही: हात तोडणे आणि हद्दपारी. मग खिडकीकडे बघत, बाहीत मूठ लपवून, तो रिकामी बाही हलवतो: ‘आद्दीओ, फिरेन्झे! या थोट्या हाताने तुझा निरोप घेतो.’ सगळे भेदरून त्याच्या मागोमाग तेच गातात.

इथला नोटरी, म्हणजे नोतायो, हे काय प्रस्थ आहे ते मी घर घेताना अनुभवलंय. खरेदीखताचं प्रत्येक पान त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, संथ, एका सुरात, आणि कुणीही मध्ये बोललं नाही. मंचावरचा नोतायो लॅटिनमध्ये तसाच घुमत होता आणि ती सगळी दुपार मला आठवली. पलंगावरून क्षीण आवाज येतो. साधूंना पाच लिरा. फार कमी नाही का? नाही, धर्माला फार ठेवलं की लोक म्हणतात चोरीचा पैसा होता. नातेवाईक खूश. किरकोळ वस्तू ज्याच्या त्याला. मग खेचर, तीनशे फ्लोरिनचं, तोस्कानातलं सर्वोत्तम: ‘माझा जिवलग मित्र जान्नी स्कीक्की याला.’ सिमोने उसळतो, त्याला कशाला हवंय खेचर? पलंगावरून उत्तर: ‘गप रहा सिमोने, त्याला काय हवंय ते मला माहीत आहे.’ वाडा: जान्नी स्कीक्कीला. आरडाओरडा होणार इतक्यात पलंगावरून ती रिकामी बाही वर येते, ‘आद्दीओ, फिरेन्झे…’ आणि सगळे जागच्या जागी थिजतात. सिन्याच्या गिरण्या. इथे तो शब्दाशब्दाला थांबतो, मध्ये मध्ये निरोपाचं गाणं गुणगुणतो, आणि देऊन टाकतो. स्वतःला. वर झीतालाच सांगतो, तुझ्या पिशवीतून साक्षीदारांना वीस आणि नोतायोला शंभर फ्लोरिन दे!

घरी परतताना मी दांतेचाच विचार करत होते. गोष्ट १२९९ सालची. तीन वर्षांनी, १३०२ साली, फ्लॉरेन्सने दांतेलाच हद्दपार केलं आणि तो पुन्हा कधी परतला नाही. १३२१ साली राव्हेन्नात वारला. फ्लॉरेन्सला सांता क्रोचेच्या चर्चमध्ये त्याची भव्य समाधी आहे, पण ती रिकामी आहे. ‘आद्दीओ, फिरेन्झे’ ही स्कीक्कीची थट्टा दांतेच्या आयुष्यात खरी झाली. ते माहीत असलेल्या फोर्त्सानोने ती ओळ लिहिली आणि पुच्चीनीने तिला इतकी गोड, इतकी उदास चाल दिली, हे मला अपघाताने झालेलं वाटत नाही.

शेवटी स्कीक्की सगळ्यांना वाड्याबाहेर हाकलतो. गच्चीत रिनुच्चो आणि लाउरेत्ता, मागे उन्हात फ्लॉरेन्स. त्या दोघांना पाहून तो थबकतो, टोपी काढतो आणि गाणं थांबवून आपल्याशी साध्या बोलीत बोलतो. बुओझोच्या पैशाचा याहून चांगला उपयोग झाला असता का, सांगा. या उपद्व्यापासाठी मला नरकात धाडलंय, असो. पण थोर दांतेबाबांची परवानगी घेऊन विचारतो, आज तुमची करमणूक झाली असेल तर तुम्ही तरी माझी शिक्षा थोडी सौम्य कराल ना? आणि तो स्वतःच टाळ्या वाजवायला लागतो. पहिली टाळी सिन्योरांची होती.

रात्रीच्या लोकलने आम्ही सिन्याला उतरलो. त्यांचा मुलगा गाडी घेऊन न्यायला आला होता, मला चालतच जायचं होतं. काही पावलं गेल्यावर त्यांनी हाक मारली. मी वळले. दिव्याखाली उभ्या राहून सिन्योरांनी कोटाची बाही मुठीवर ओढली होती आणि ती रिकामी बाही त्या हळूहळू हलवत होत्या.