कोलॅजनच्या डब्यावर पैसे घालावेत का?

पणजी-मडगावच्या औषधांच्या दुकानांत कोलॅजनचे, म्हणजे त्वचा, हाडे व सांध्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या भुकटीचे, डबे आता दर्शनी फळीवर असतात आणि चाळिशीकडे झुकलेल्या मैत्रिणींच्या गप्पांत 'घेऊ का गं?' हा प्रश्न हमखास निघतो. त्वचेपुरते बोलायचे तर माझे उत्तर नकारार्थी आहे. मात्र त्यासाठी सहसा जे कारण सांगितले जाते, ते मला पुरेसे वाटत नाही.

ते कारण असे की, कोलॅजन हे प्रथिनच असल्यामुळे पोटात त्याची अमिनो आम्ले होतात आणि शरीर ती हवी तिथे वापरते. हे बरेचसे खरे आहे. परंतु डब्यातले कोलॅजन आधीच तोडून लहान पेप्टाइडांच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या) रूपात आणलेले असते आणि त्यांपैकी काही, विशेषतः प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लांची जोडी, न तुटता रक्तात पोहोचते, हे मोजून दाखवले गेले आहे. म्हणजे परिणाम होणे अशक्य नाही. तो होतो की नाही, हे चाचण्यांनीच ठरवायला हवे, आणि घोडे तिथेच अडते. 2025 साली 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरसकट पाहता त्वचेचा ओलावा, लवचिकपणा आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसत होती. पण औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्याच तेवढ्या पाहिल्यावर ती उरली नाही, आणि उच्च दर्जाच्या चाचण्यांतही ती आढळली नाही. पैसा कोणाचा यावर त्वचेचा ओलावा ठरत असेल, तर मी तरी पाकीट उघडणार नाही.

त्वचेतले कोलॅजन मोडण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो, आणि गोव्यात उन्हाला तोटा नाही. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षे चाललेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा कमी वयस्कर झालेली आढळली. शरीराला स्वतःचे कोलॅजन घडवायला क जीवनसत्त्व लागते, ते पेरू-आवळ्यांतून मिळते. प्रथिन म्हणूनही ही भुकटी अपुरीच, कारण तिच्यात ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसते; ताटातला बांगडा त्याबाबतीत कितीतरी सरस.

एक गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. कोलॅजन वनस्पतींत नसतेच. ते जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांतून काढतात. श्रावणात मासळी कटाक्षाने वर्ज्य करणारी माझी मावशी माशांच्या कोलॅजनची भुकटी मात्र रोज कॉफीत ढवळून घेत होती, डब्यावरचा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण तिने पाहिलाच नव्हता.

सांध्यांची बाब थोडी निराळी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2011 साली सांध्यांविषयीचा दावा सिद्ध न झाल्याचे सांगितले. तरी गुडघ्यांच्या झिजेत वेदना काहीशा कमी झाल्याचे दाखवणाऱ्या काही चाचण्या आहेत. त्यामुळे गुडघेदुखीसाठी कोणाला घेऊन पाहायचेच असेल, तर डॉक्टरांना विचारून तीन महिने घ्यावे आणि फरक न जाणवल्यास दुसरा डबा आणू नये.