आलावेर्दी

तेलावी, जॉर्जिया. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. रात्रीचा दीड.

पोट इतकं तट्ट भरलंय की आडवं होववत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

काखेतीत, म्हणजे तेलावीच्या या प्रांतात, सध्या र्त्वेली आहे, म्हणजे द्राक्षतोडणी. सगळं घर चिकट झालंय. घरमालकीण काकूंनी दुपारी मला अक्रोड ओवायला बसवलं. ती माळ द्राक्षरसात पीठ शिजवून केलेल्या दाट लापशीत बुडवून वाळत टाकतात. ही चुर्चखेला. तिबिलिसीत दुकानाबाहेर लटकलेल्या पाहून मला त्या मेणबत्त्या वाटल्या होत्या, हे कुणाला सांगितलं नाही.

रात्री सुप्रा, म्हणजे जॉर्जियन मेजवानी. टेबलावर बोट टेकायला जागा नव्हती. जागा संपली तेव्हा बश्यांवर बश्या चढल्या. चीज भरलेली खाचापुरी, राजम्याचं लोबियो, वांग्याच्या तळलेल्या कापांत अक्रोड-लसणाचं वाटण. त्या वाटणात निळी मेथी असते. तिच्या जॉर्जियन नावाचा अर्थ म्हणे 'परका मसाला'. मला मात्र माहेरचा वास आला! मग खिंकाली. दिसायला थेट उकडीचा मोदक, पण आपण मोदकाचं नाक मोडून तूप ओततो, इथे नाक धरून आधी आतला रस्सा ओढायचा आणि नाक ताटात ठेवायचं. तिबिलिसीत मी काट्याने टोचून सगळा रस्सा घालवला होता. आज निभावलं. ताटात पाच नाकं.

वाइन मात्र मनाला येईल तेव्हा प्यायची नाही. ती मानेपर्यंत जमिनीत पुरलेल्या क्वेव्रीतली, म्हणजे मातीच्या रांजणातली. पांढऱ्या द्राक्षांची, पण सालीसकट मुरल्यामुळे मधाच्या रंगाची. मी सहज घोट घेतला तर शेजारच्या आजोबांनी माझा ग्लास हळूच खाली ठेवला. आधी तमादा बोलणार. तमादा म्हणजे पिण्याआधी बोलणारा मेजवानीचा सूत्रधार, आज आमचे घरमालक. ते शांततेसाठी बोलले, आईवडिलांसाठी बोलले, मग गेलेल्या माणसांसाठी. आणि अचानक माझ्याकडे वळून म्हणाले, "आलावेर्दी!" म्हणजे आता तुम्ही पुढे बोला.

लहानपणी पंगतीत श्लोक म्हणायची पाळी आली की पोटात गोळा यायचा, तसाच आला. "तुमच्या भाषेत बोला," ते म्हणाले. मी आजीबद्दल बोलले. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः शेवटी, चुलीपाशी, उरलंसुरलं घेऊन बसायची. तिला बसून जेवताना मी फारशी पाहिलीच नाही. माझ्यासोबतच्या मुलीने तोडक्या रशियनमध्ये सांगितलेलं तिच्या मैत्रिणीने, म्हणजे घरच्या सुनेने, जॉर्जियनमध्ये केलं. काय पोचलं देव जाणे.

"गाउमार्जोस!" म्हणत सगळ्यांनी ग्लास रिकामे केले. तेव्हा लक्षात आलं, काकू अजून एकदाही बसल्या नव्हत्या. सुनेने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या आल्या, माझ्या ताटातली नाकं मोजली, नाराजीने मान हलवली आणि आणखी तीन खिंकाली वाढून परत आत गेल्या.